उपकरणावरचे वॅट आणि मीटरवरचे युनिट: हिशोब का जुळत नाही

आपला प्रश्न मी असा समजलो. घरचा वीजवापर महिन्याला २४० युनिटांवरून ३१८ युनिटांवर गेला, म्हणून आपण प्रत्येक उपकरणावरचे लेबल वाचून वॅट लिहून घेतले, त्यांना रोजच्या वापराच्या तासांनी गुणले आणि बेरीज केली. ती दिवसाला १९ युनिट आली; बिल मात्र दिवसाला १०.६ युनिटच दाखवते. मग आपण क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजणारे यंत्र) आणून फ्रिजची तार तपासली, तर ०.९ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला २०७ वॅट, असा आकडा मिळाला, आणि फ्रिजवर तर १५० वॅट छापलेले आहेत. आता आपल्याला दोन गोष्टी हव्या आहेत: यांपैकी खरा आकडा कोणता, आणि वाढलेले ७८ युनिट कोण खाते आहे हे शोधण्यासाठी कोणते यंत्र विकत घ्यावे.

घरे आणि लहान कारखाने यांच्या वीजवापराची तपासणी हे माझे रोजचे काम आहे, आणि अशी न जुळणारी यादी मला जवळजवळ प्रत्येक घरात दाखवली जाते. आपण वाचलेल्या आकड्यांपैकी एकही खोटा नाही. ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. लेबल सांगते की उपकरण भर जोरात असताना साधारण किती शक्ती ओढते, क्लॅम्प मीटर सांगतो की या क्षणी तारेतून किती प्रवाह जातो आहे, आणि घरचा मीटर सांगतो की अमुक काळात एकूण किती ऊर्जा वापरली गेली. बिल येते ते फक्त तिसऱ्याचे. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच १००० वॅटचे उपकरण सलग तासभर चालल्यावर जाणारी ऊर्जा; पण घरातली मोठी उपकरणे सलग चालतच नाहीत, आणि यादी फसते ती इथे. म्हणून यंत्र कोणते घ्यावे याच्या आधी प्रत्येक उपकरण किती वेळ मोजायचे हे ठरवावे लागते. वॅट मोजणे हा या कामाचा सोपा भाग आहे, योग्य कालावधी निवडणे हा कठीण भाग आहे, आणि माझे बाकीचे उत्तर बहुतेक त्याविषयीच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. फ्रिज आपोआप बर्फ वितळवणारा आहे की नाही, एसी इन्व्हर्टर प्रकारचा आहे का, गीझर साठवणीचा आहे की तात्काळ गरम करणारा, घरी बॅटरीचा इन्व्हर्टर आहे का, छतावर सौर पॅनेल आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. सौर पॅनेल असतील तर खाली सांगितलेले मीटरचे प्रयोग सूर्यास्तानंतरच करावेत, कारण दिवसा मीटरमधून जाणारी वीज ही वापर आणि निर्मिती यांची वजाबाकी असते. एसी, गीझर, कपडे धुण्याचे यंत्र, टीव्ही आणि पंखे आपल्या यादीत आहेत, तेवढ्यावरून मी पुढे जातो.

प्रथम क्लॅम्प मीटरचा आकडा पाहू. आपण फेजची तार वेगळी काढून चिमट्यात धरली असणार, कारण दोन्ही तारा एकत्र धरल्या तर जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि यंत्र शून्य दाखवते. ०.९ अँपिअर हे वाचन बरोबरच असेल. चूक पुढच्या गुणाकारात आहे. अँपिअर गुणिले व्होल्ट याचे उत्तर व्होल्ट-अँपिअर येते, वॅट नव्हे. फ्रिजच्या काँप्रेसरमध्ये मोटर असते, आणि मोटर आपले चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी काही प्रवाह घेते व तो परत करते. त्या प्रवाहाचे युनिट पडत नाहीत. वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांचे प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. लहान काँप्रेसरच्या बाबतीत तो ०.६ च्या आसपास असणे अगदी सामान्य आहे. तसा धरला तर २०७ चे सुमारे १२४ वॅट होतात. टीव्ही, संगणक आणि एलईडी दिवे यांची गोष्ट आणखी वेगळी आहे: त्यांचा प्रवाह सलग लाटेसारखा न वाहता थोड्या थोड्या झटक्यांनी वाहतो, आणि स्वस्त क्लॅम्प मीटर अशा प्रवाहाचे अँपिअरसुद्धा चुकीचे दाखवतो. क्लॅम्प मीटर हे वायरमनचे उत्तम हत्यार आहे, तारेवर किती भार आहे आणि कुठे गळती आहे हे त्याने चांगले कळते, पण युनिटांचा हिशोब त्याच्या जिवावर करू नये.

आता यंत्राबद्दल. विकत काही घेण्यापूर्वी घरात आधीच बसवलेला मीटर वापरून पाहा, कारण तो बाजारातल्या बहुतेक स्वस्त मापकांपेक्षा अचूक असतो. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, आणि जवळच एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो हे छापलेले असते. १०००, १६०० आणि ३२०० हे आकडे नेहमी दिसतात. आपल्या मीटरवर ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे ०.३१२५ वॅट-तास. घरातले सगळे शक्य तेवढे बंद करा, हातात सेकंद दाखवणारे घड्याळ घ्या, दिवा एकदा लुकलुकला की घड्याळ सुरू करा, आणि त्या पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणा. तिला ‘एक’ म्हणणाऱ्यांचा आकडा दरवेळी फुगतो, आणि ही गफलत मी शिकलेल्या माणसांकडूनही होताना पाहतो. पुढच्या दहा लुकलुकींना लागलेले सेकंद मोजा आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येते. समजा २५० सेकंद लागले, तर घराचा त्या क्षणीचा भार ४५ वॅट आहे. आता एक पंखा लावा आणि पुन्हा मोजा. दहा लुकलुकींना ९४ सेकंद लागले तर एकूण भार सुमारे १२० वॅट झाला, म्हणजे पंखा ७५ वॅटचा ठरला. मीटरवरचा आकडा १६०० असेल तर ११२५० च्या जागी २२५०० घ्यावेत आणि १००० असेल तर ३६०००.

या पद्धतीत तीन ठिकाणी काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे काही मीटरांवर दोन-तीन दिवे असतात. त्यातला युनिटांचा दिवा कोणता हे छापील खुणेवरून पाहून घ्यावे. दुसरी म्हणजे मोजणी चालू असताना फ्रिजचा काँप्रेसर मध्येच सुरू झाला तर सगळी वजाबाकी वाया जाते. म्हणून त्या दहा-पंधरा मिनिटांपुरता फ्रिज बंद ठेवावा, तेवढ्याने आतल्या वस्तूंना काही होत नाही. तिसरी म्हणजे गीझरसारखा दोन हजार वॅटचा भार लावल्यावर ३२०० वाल्या मीटरचा दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो आणि डोळ्यांनी मोजणे अवघड जाते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून ते हळू चालवून मोजावे. अनेक मीटरांच्या पडद्यावर बटण दाबत गेल्यास त्या क्षणीचा भार किलोवॉटमध्येही येतो. आपल्या मीटरवर ती सोय असेल तर हा सगळा खटाटोप वाचेल. मीटरचे सील, झाकण किंवा तारा यांना मात्र कोणत्याही कारणाने हात लावू नये. या कामासाठी फक्त डोळे लागतात.

दिव्याच्या या मोजणीने त्या क्षणीची शक्ती कळते, आणि ज्यांचा भार स्थिर असतो त्या पंखे, दिवे, राउटर अशा उपकरणांना एवढे पुरते. ज्यांचा भार सतत बदलतो त्यांच्यासाठी प्लगमध्ये बसणारा ऊर्जामापक घ्यावा. तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसतो, उपकरण त्याच्यात बसते, आणि मधून गेलेली ऊर्जा तो साठवत जातो. निवडताना मी चार गोष्टी पाहतो: वॅट आणि व्होल्ट-अँपिअर तो वेगवेगळे दाखवतो का, युनिट निदान दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत दाखवतो का, वीज गेल्यावर साठवलेला आकडा टिकतो का, आणि तो किती अँपिअर सहन करतो. शेवटची गोष्ट सुरक्षिततेची आहे. दहा अँपिअरच्या मापकावर गीझर किंवा मोठा हीटर लावून घराबाहेर जाणे म्हणजे त्याचे संपर्क तापवून वितळवण्याची सोय करणे होय. मापक थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नव्हे, आणि जड भाराच्या वेळी पहिल्या पंधरा मिनिटांनंतर हात जवळ नेऊन तो तापतो आहे का हे पाहावे. मोबाइलच्या अ‍ॅपवर आकडे दाखवणारे स्मार्ट प्लगही चालतात, आणि तासातासाचा आलेख मिळतो म्हणून मला ते आवडतात. मात्र फ्रिजला असा प्लग लावायचा तर अ‍ॅपमधून तो चुकून बंद होणार नाही अशी व्यवस्था आधी करावी.

फ्रिजवर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्या यादीत त्याच्या नावावर १५० गुणिले २४, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट लिहिलेले आहेत. साध्या फ्रिजचा काँप्रेसर काही वेळ चालतो, आतली थंडी पुरेशी झाली की थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो. कान देऊन बसलात तर दोन्ही वेळा लिहून घेता येतात. समजा तो १४ मिनिटे चालला आणि २१ मिनिटे थांबला. म्हणजे ३५ पैकी १४, चाळीस टक्के वेळ. वर काढलेल्या १२४ वॅटांचे चाळीस टक्के म्हणजे सरासरी सुमारे ५० वॅट, आणि दिवसाचे १.२ युनिट. आपल्या यादीतल्या आकड्याचा हा एक तृतीयांश आहे. पण हाही पक्का आकडा नव्हे. दुपारी दार वारंवार उघडते तेव्हा काँप्रेसर जास्त चालतो, पहाटे कमी चालतो. आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये काही तासांनी एक हीटर लागतो, जो दोन तासांच्या मोजणीत सापडेल किंवा सापडणारही नाही. इन्व्हर्टर काँप्रेसर असेल तर तो बहुतेक वेळ हळूहळू चालतच राहतो आणि चालू-बंदची वेळ मोजून काहीच कळत नाही. त्यामुळे फ्रिज २४ तासांपेक्षा कमी मोजू नये, आणि शक्य असेल तर तीन दिवस मोजावा. त्या तीन दिवसांत घरातले तापमान काय होते तेही लिहून ठेवावे, कारण एकच फ्रिज थंड दिवसांत आणि उकाड्यात अगदी वेगळे आकडे देतो, आणि सहा महिन्यांनी तुलना करताना त्या नोंदीविना आकड्याला काही अर्थ राहत नाही.

सुरू होताना मोटर कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून चालू-बंद होण्यातच वीज जाते, असे आपल्या प्रश्नाखाली एकाने लिहिले आहे. प्रवाहाचे ते म्हणणे बरोबर आहे, पण तो झटका सेकंदाच्या काही भागापुरता असतो. अर्धा सेकंद १२०० वॅट धरले तरी ६०० ज्यूल होतात, म्हणजे ०.१७ वॅट-तास, दिवसाला चाळीस वेळा काँप्रेसर सुरू झाला तरी सात वॅट-तास. हिशोबातून ते खुशाल सोडून द्यावे.

गीझरचा हिशोब मोजण्यापेक्षा मांडूनच चांगला होतो. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात, आणि गरम करणारी तार विजेची उष्णता करण्यात जवळजवळ काहीच वाया घालवत नाही. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे तर ५२३ वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक. आणि २००० वॅटचा गीझर ते काम १६ मिनिटांत संपवून थर्मोस्टॅटने बंद होतो. बटण दीड तास चालू असले तरी तार दीड तास चालू नसते, म्हणून आपले २ किलोवॉट गुणिले दीड तास हे गणित चुकते. खरा प्रश्न हा, की घरात रोज किती लिटर पाणी किती अंशांनी तापवले जाते. ४५ लिटर आणि २५ अंश असतील तर १.३ युनिट, आणि टाकीच्या भिंतींतून जाणारी थोडी उष्णता वेगळी. ती मोजायची असेल तर पाणी पूर्ण तापल्यावर मीटरचे वाचन घ्यावे, गीझर चालूच ठेवून काही तास पाणी अजिबात काढू नये, आणि बाकीचे घर शक्य तेवढे शांत असताना पुन्हा वाचन घ्यावे. व्होल्टेज कमी असले की गीझर कमी वीज खातो असाही एक समज आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर तारेची शक्ती एकोणीस टक्क्यांनी घटते हे खरे, पण पाण्याला लागणारी उष्णता तीच असल्यामुळे गीझर तेवढा जास्त वेळ चालतो आणि युनिट जवळजवळ तेवढेच पडतात.

कपडे धुण्याच्या यंत्राच्या लेबलवरचे २००० वॅट हे बहुतांशी आतल्या पाणी तापवणाऱ्या हीटरचे आहेत. थंड पाण्यात धुतले तर फक्त मोटर आणि पंप चालतात आणि वापर एकदम खाली येतो. हे यंत्र तासांवर मोजू नये, फेऱ्यांवर मोजावे: आपल्या नेहमीच्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी, पिळून होईपर्यंत. मायक्रोवेव्हवर छापलेले ८०० वॅट अनेकदा पदार्थाला मिळणाऱ्या शक्तीचे असतात; भिंतीतून तो त्याहून बराच जास्त भार ओढतो, त्यामुळे त्याचा लेबलवरचा आकडा उलट कमी दाखवणारा असतो. इस्त्री आणि इंडक्शन शेगडी यांचेही एकेका कामाचे मोजमाप घ्यावे.

एसीसाठी प्लगचा मापक बहुधा उपयोगी पडत नाही, कारण तो स्वतंत्र तारेवर असतो आणि भारही जड असतो. इथे रात्र कामी येते. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात घरात फ्रिज, पंखे आणि राउटर एवढेच चालू असते आणि त्यात फारसा बदल होत नाही. एका रात्री एसी लावून आणि एका रात्री न लावता, अकरा आणि सहाची वाचने घ्यावीत, फरक एसीचा. मीटर फक्त पूर्ण युनिट दाखवत असेल तर एका रात्रीच्या तीन-चार युनिटांत एका युनिटाचीही चूक फार मोठी ठरते, म्हणून अशा वेळी चार-पाच रात्रींची एकत्र वजाबाकी करावी. दारे-खिडक्या, तापमानाची निवड आणि बाहेरची हवा या गोष्टी शक्यतो सारख्या ठेवाव्यात. बाहेरची हवा आपल्या हातात नाही, तेव्हा तिची निदान नोंद तरी ठेवावी. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर लेबलच्या कितीतरी खाली उतरून चालतो, त्यामुळे १५०० वॅट गुणिले पाच तास म्हणजे ७.५ युनिट याऐवजी चारच्या आसपास आकडा आला तर आश्चर्य वाटू देऊ नये.

एवढ्या दुरुस्त्या केल्या की फ्रिज १.२, गीझर दीड, एसी चार, धुलाई ०.७, टीव्ही ०.६, पंखे सव्वादोन आणि यादीत न आलेला सततचा भार अर्धा युनिट, अशी बेरीज पावणेअकराच्या जवळ येते. ती बिलाशी जुळते म्हणून ती सिद्ध झाली असे कृपया मानू नये; यातले बरेच आकडे मी अंदाजाने धरलेले आहेत. १९ आणि १०.६ यांच्यातली तफावत समजण्यासाठी मीटर सदोष मानण्याची गरज नाही, एवढेच त्यातून दिसते.

सततच्या भाराबद्दल लोकांचे लक्ष नेमके चुकीच्या ठिकाणी जाते असे माझे मत आहे. फोन न लावता भिंतीत राहिलेला मोबाइलचा चार्जर ०.१ वॅट ओढत असेल तर वर्षाला एक युनिटही होत नाही. सेटटॉप बॉक्स मात्र टीव्ही बंद असतानाही १२ वॅट ओढत राहिला तर वर्षाला १०५ युनिट होतात. बॅटरीचा इन्व्हर्टर हा तिसरा आणि बहुधा सर्वांत मोठा: बॅटरी भरलेली असतानाही तो थोडा भार घेत राहतो, आणि बॅटरी म्हातारी झाली की तो भार वाढतो. एकदोन वॅटचे भार मोजताना प्लगचे मापक दगा देतात. काही तर एवढ्या लहान भाराला शून्यच दाखवतात. म्हणून असे सगळे लहान भार एका बोर्डावर एकत्र लावून त्यांचे एकत्रित मोजमाप घ्यावे, आणि ते दहा वॅटच्या खाली आले तर तो विषय तिथेच सोडावा.

आता आपल्या खऱ्या तक्रारीकडे, म्हणजे वाढलेल्या ७८ युनिटांकडे वळतो. आधी बिलावरच्या दोन वाचनांचे दिनांक पाहा. आपण ३१८ ला ३० ने भागले आहे. पण हे बिल ३४ दिवसांचे आणि आधीचे २८ दिवसांचे असेल, तर रोजचा वापर ८.६ वरून ९.४ झाला इतकाच फरक उरतो. आधीचे बिल प्रत्यक्ष वाचनावर होते की सरासरीवर, हेही पाहावे. हे दोन्ही नीट असेल आणि हवामानही तेच असेल, तर मग उपकरणे.

मी पहिला संशय चोवीस तास जोडलेल्या वस्तूंवर घेतो, कारण महिन्याला ७८ युनिट म्हणजे दिवसरात्र सुमारे १०८ वॅट. काँप्रेसर चाळीस टक्क्यांऐवजी नव्वद टक्के वेळ चालू लागला, तर १२४ वॅटच्या फ्रिजचे महिन्याला ४५ युनिट वाढतात. दाराचे रबर सैल होणे, मागच्या जाळीवर धूळ बसणे, भिंतीला चिकटवून ठेवणे, गॅस कमी होणे, ही त्याची नेहमीची कारणे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघून आली तर रबर गेले. दुसरा संशय गरम पाण्याच्या नळावर. तासाला एक लिटर ठिबकणारा नळ दिवसाला २४ लिटर तापलेले पाणी घालवतो, आणि गीझर कायम चालू असेल तर ३० अंशांच्या हिशोबाने तेच महिन्याला २५ युनिट होतात. तिसरा संशय जमिनीत होणाऱ्या गळतीचा. गीझरच्या तारेचे आवरण तडकले किंवा पाण्याच्या मोटरीत ओल शिरली, तर फेजमधून ०.३ अँपिअर अर्थिंगकडे वाहत राहू शकतात. २३० व्होल्टला ते ६९ वॅट, महिन्याला जवळजवळ ५० युनिट. चालू स्थितीतला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, ही गळती होऊच देणार नाही, तो आधीच पडेल. तो बसवलेला नसेल, तर प्रश्न बिलापुरता राहत नाही, जिवाशी गाठ आहे. अशा गळतीसाठी तो क्लॅम्प मीटर मात्र उपयोगाचा: फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र चिमट्यात धरल्यावर शून्य यायला हवे, आणि ठळक आकडा आला तर तेवढा प्रवाह दुसऱ्या वाटेने जातो आहे. हे काम वितरण पेटी उघडून करायचे असल्यामुळे जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे.

मीटरवर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी, आणि त्याची पहिली चाचणी घरीच होते. मेन स्विच बंद करून पंधरा मिनिटे मीटरचा दिवा पाहावा. तो लुकलुकायला नको. काही मीटरांवर भार नसताना तो स्थिर पेटून राहतो, ते चालते. मेन बंद असूनही तो लुकलुकत असेल, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुणीतरी वीज घेते आहे, किंवा तिथे गळती आहे, किंवा मीटर सदोष आहे. मेन चालू करून बाकीचे एमसीबी (वितरण पेटीतले प्रत्येक वाटेचे स्विच) बंद ठेवावेत आणि एकेक चालू करत प्रत्येक वेळी दहा लुकलुकींचे सेकंद लिहावेत. कोणत्या वाटेवर न सांगता भार आहे ते अर्ध्या तासात कळते. अचूकतेच्या वर्ग १ मधल्या मीटरची चूक नेहमीच्या भारावर एक टक्क्याच्या आत अपेक्षित असते, म्हणजे ३१८ मध्ये तीन युनिट. आपली वाढ बत्तीस टक्क्यांची आहे. तरीही सगळ्या वाटा स्वच्छ निघाल्या तर मीटर तपासणीसाठी वीज वितरण कार्यालयात अर्ज करावा, आणि त्याला सलग सात दिवस एकाच वेळी घेतलेली मीटरची वाचने, एकेका एमसीबीवरचे सेकंद आणि फ्रिजची तीन दिवसांची मोजणी जोडावी. प्रमाणित मीटर आपल्या मीटरला जोडून चाचणी होत असताना समोर उभे राहण्याची विनंतीही अर्जातच लिहावी.